कार्ल रॉजर्सची व्यक्तिकेंद्रित उपचारपद्धती आणि एक असमाधान

— द्वितीय वर्ष कला

माणसाला दुःख सांगता येते. असमाधान सांगणे अवघड असते. ऐन काढणीत पाऊस येऊन भात भिजले, घरातले जनावर दगावले, कोणी आजारी पडले, तर चार माणसे पडवीत येऊन बसतात आणि धीर देतात. परंतु "सगळं आहे, तरी काही गोड लागत नाही" असे कोणी म्हटले तर ऐकणारा गोंधळून जातो. मग "सुख टोचतंय" असे म्हणून तो विषय बंद तरी करतो, नाही तर सल्ला देऊन मोकळा होतो. अशा सांगता न येणाऱ्या असमाधानाचे काय करावे, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्रित उपचारपद्धतीचा परिचय करून देण्याचा आणि ती आपल्या भोर-वेल्ह्याच्या मुलखात कितपत लागू पडते ते पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

विषय पुस्तकातला असला तरी मला तो घरात भेटला. म्हणून सुरुवात घरापासूनच करते.

सल्ल्याची सवय

माझ्या नात्यात एक बाई आहेत. लेखापुरते मी त्यांना 'वहिनी' म्हणेन. त्यांचे गाव सांगत नाही आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत. लेख छापायला देण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवला. एक वाक्य त्यांनी काढायला लावले, ते काढले आहे.

वहिनी बारावी पास आहेत. नवरा शिरवळच्या कारखान्यात शिफ्टने जातो. घरी थोडी भातशेती, दोन जनावरे, अंगणवाडीत जाणारा एक मुलगा. सासू-सासरे बरे आहेत. मी प्रथम वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तेव्हा एकदा त्या म्हणाल्या, "वन्सं, खायला हाय, ल्यायला हाय, कुणी वाईट बोलत न्हाय. पण आतून रितं रितं वाटतं."

कॉलेजात नुकतीच गेलेली मी! मला सगळे माहीत होते. मी लगेच म्हणाले, "वहिनी, तुमचं शिक्षण अर्धवट राहिलं ना, म्हणून असं वाटतं. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरा. घरबसल्या बी.ए. होता येतं. मी माहिती आणून देते." वर आणखी सांगितले, की मन रमवायला बचत गटात जा, पहाटे उठून योगासने करा, मोबाइल कमी पाहा.

वहिनी म्हणाल्या, "बघू."

आमच्याकडे 'बघू' म्हणजे 'नको' हे मला कळायला हवे होते. त्यानंतर वर्षभर त्या माझ्याशी चहापाण्याचे, पिकापाण्याचे बोलल्या. मनातले एक अक्षर बोलल्या नाहीत. माझा सल्ला तसा वाईट नव्हता. पण तो त्यांच्या बोलण्याला दिलेले उत्तर नव्हता. त्या काय सांगत होत्या ते पुरते ऐकण्याआधीच मी माझ्याच मनातल्या प्रश्नाचे उत्तर देऊन बसले होते.

या वर्षी मानसशास्त्राच्या तासाला रॉजर्स शिकवले गेले, तेव्हा हे ध्यानात आले.

शेतावर वाढलेला मानसशास्त्रज्ञ

कार्ल रॉजर्स यांचा जन्म १९०२ साली शिकागोजवळ झाला. ते बारा वर्षांचे असताना त्यांचे कुटुंब शेतावर राहायला गेले. वडिलांना शास्त्रीय पद्धतीने शेती करण्याची हौस होती. मुलगाही जनावरांच्या चाऱ्याविषयीची जाडजूड पुस्तके वाचू लागला. विद्यापीठात त्याने प्रथम नाव घातले ते शेतीशास्त्राला! पुढे धर्मोपदेशक व्हावे असे वाटून ते न्यूयॉर्कला गेले आणि तेथून मानसशास्त्राकडे वळले. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या आम्हा विद्यार्थ्यांना हे वाचून बरे वाटते, हे कबूल केले पाहिजे.

त्यांच्या लहानपणची एक आठवण त्यांनी म्हातारपणी लिहिली आहे. हिवाळ्यासाठी घरच्या तळघरात बटाटे साठवून ठेवत. तेथे माती नाही, पाणी नाही. उंचावर एका लहानशा खिडकीतून येईल तेवढाच उजेड. तरी त्या बटाट्यांना फिकट पांढरे कोंब फुटत आणि ते लांब लांब होत खिडकीच्या दिशेने वाढत. त्या कोंबांचे झाड कधी होणार नसते, तरी ते उजेडाकडे जाण्याची धडपड सोडत नाहीत. रॉजर्स यांच्या साऱ्या विचाराचे बीज या आठवणीत आहे. प्रत्येक जिवात वाढण्याची, आपल्यातील शक्यता पूर्ण करण्याची एक मूळ प्रवृत्ती असते. परिस्थिती वाईट असेल तर वाढ वेडीवाकडी होते, पण प्रवृत्ती मरत नाही. तेव्हा उपचार करणाऱ्याचे काम परिस्थिती अनुकूल करणे एवढेच आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर भाताचे रोप वर ओढल्याने वाढत नाही. चिखलणी नीट करावी, पाणी राखावे, वाढणे रोपाकडे सोपवावे.

१९२८ पासून सुमारे बारा वर्षे रॉजर्स रोचेस्टर या शहरात मुलांच्या समस्यांसाठी काम करीत होते. तेथील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एका हूड मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. आईने मुलाला सुरुवातीपासून झिडकारले हेच मूळ आहे, असे निदान रॉजर्स यांनी केले होते. परंतु किती बैठका झाल्या तरी ते तिला पटवून देता येईना. शेवटी त्यांनी हार मानली आणि दोघांनी थांबायचे ठरवले. दाराशी गेलेली ती बाई मागे वळली आणि तिने विचारले, "तुम्ही मोठ्या माणसांनाही सल्लामसलतीसाठी घेता का?" मग ती परत येऊन खुर्चीत बसली आणि आपल्या संसाराची कहाणी, स्वतःचे अपयश, स्वतःचा गोंधळ सांगू लागली. आतापर्यंत सांगितलेल्या कोरड्या हकिगतीपेक्षा ती फार वेगळी होती. खरा उपचार त्या क्षणी सुरू झाला. कोठे दुखते आणि कोणत्या दिशेने जायचे, हे त्या माणसालाच ठाऊक असते, असा धडा रॉजर्स यांनी त्यातून घेतला.

पुढे १९४२ आणि १९५१ साली त्यांनी या पद्धतीवर दोन महत्त्वाचे ग्रंथ लिहिले. येणाऱ्याला 'रोगी' म्हणणे त्यांनी सोडले. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत त्यासाठी 'सल्लार्थी' हा शब्द वापरतात. गंमत अशी, की या पद्धतीत सल्लार्थीला सल्ला तेवढा मिळत नाही!

असमाधान म्हणजे काय?

रॉजर्स यांच्या मते प्रत्येकाच्या मनात स्वतःचे एक चित्र असते. 'मी अशी आहे' हे ते चित्र. त्याला स्व-संकल्पना म्हणतात. त्याच्याशेजारी 'मी अशी असायला हवी' असे दुसरे चित्र असते. तो आदर्श स्व. या दोन चित्रांत अंतर फार पडले की मनुष्य स्वतःवर नाराज राहतो. बाहेर सारे ठीक असूनही आत 'रितं' वाटते ते यामुळे.

आता प्रश्न असा, की हे दुसरे चित्र येते कोठून? लहान मुलाला प्रेम हवे असते. "शहाण्यासारखा वागलास तर आमचा", "पहिला नंबर आला तर शाबास", "मुलीच्या जातीनं उलटं बोलू नये" अशा अटींसह ते प्रेम मिळाले, तर मूल त्या अटी स्वतःच्या करून घेते. रॉजर्स यांनी यांना जे नाव दिले आहे, त्याला मराठीत 'मोलाच्या अटी' म्हणता येईल. अमुक केले तरच मी मोलाची, नाही तर नाही. मग या अटींत न बसणारी स्वतःची भावना माणूस स्वतःपासूनच लपवतो. राग आला तरी 'मला राग येतच नाही' असे त्याला मनापासून वाटू लागते. आत एक घडत असते आणि चित्र दुसरेच असते. या विसंगतीतून बेचैनी निर्माण होते.

हे केवळ तत्त्वज्ञान राहू नये म्हणून रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागो विद्यापीठात मोजमाप करून पाहिले. शंभर पत्त्यांवर शंभर वाक्ये लिहिलेली असत. सल्लार्थीने ते पत्ते 'माझ्याशी मुळीच जुळत नाही' पासून 'अगदी जुळते' पर्यंत नऊ गठ्ठ्यांत लावायचे. एकदा 'मी आहे तशी' म्हणून आणि पुन्हा 'मला व्हावेसे वाटते तशी' म्हणून. मग दोन मांडण्यांचा सहसंबंध काढायचा. दोन्ही तंतोतंत सारख्या असतील तर तो १ येतो, काहीच संबंध नसेल तर ०. हे संशोधन १९५४ साली प्रसिद्ध झाले. उपचारापूर्वी या गटाचा सरासरी सहसंबंध -०.०१ होता, म्हणजे जवळजवळ शून्य. उपचारानंतर तो ०.३४ झाला. काही जणांना मुद्दाम साठ दिवस थांबायला सांगितले होते. त्या थांबण्याच्या काळात त्यांच्यात फरक पडला नाही.

यातील आणखी एक आकडा मला महत्त्वाचा वाटतो. उपचार न मागणाऱ्या सर्वसामान्य लोकांचा सहसंबंध ०.५८ होता; तो १ नव्हता! म्हणजे सुखी म्हणवणाऱ्यांच्या मनातही दोन चित्रांत अंतर असतेच. थोडे असमाधान हा रोग नव्हे.

तीन अटी

अनुकूल परिस्थिती म्हणजे नेमके काय, याविषयी रॉजर्स यांनी १९५७ साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात सांगितलेल्या अटींपैकी उपचार करणाऱ्याने पाळायच्या तीन अटी मुख्य मानल्या जातात.

पहिली, सच्चेपणा. समुपदेशकाने मुखवटा घालून बसू नये. आत कंटाळा आणि चेहऱ्यावर हसू असे असेल तर समोरच्याला ते कळतेच.

दुसरी, विनाअट आदर. समोरचा काय सांगतो त्यावर त्याचे मोल ठरवायचे नाही. तो रागावला, रडला, 'वाईट' बोलला तरी त्याच्याविषयीची आस्था कमी होऊ द्यायची नाही. सांगितलेली प्रत्येक गोष्ट बरोबर मानायची असा मात्र याचा अर्थ नाही, माणूस स्वीकारायचा. ज्याचे प्रेम आजवर अटींवर मिळाले, त्याला बिनअटीचे थोडे मिळाले तर अटींची पकड सैल होते.

तिसरी, तदनुभूती. 'जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे' ही आपली म्हण यासाठी अगदी योग्य आहे. दुसऱ्याच्या जगात शिरून ते त्याच्या डोळ्यांनी पाहायचे. पण हे जग 'जणू' माझे आहे, यातला 'जणू' विसरायचा नाही. तो विसरला की त्याच्याबरोबर आपणही वाहून जातो.

या अटी साधण्यासाठी समुपदेशक बहुतेक वेळ ऐकतो आणि जे ऐकले त्यातील भावना आपल्या शब्दांत परत मांडून 'मला नीट कळले ना?' याची खात्री करून घेतो. वाचताना हे फार सोपे वाटते. करून पाहिल्यावर काय होते ते पुढे सांगते.

वर्षभराने

या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी वहिनी आणि मी नवे तांदूळ निवडत बसलो होतो. घरात दुसरे कोणी नव्हते. नुकत्याच झालेल्या एका लग्नाचा विषय निघाला.

"लगनात आमचं आबा भेटलं. पुन्हा त्येच. चार माणसांत म्हणालं, आमची पोरगी मास्तरीण व्हायची, पण तिच्या नशिबात न्हवतं."

"चार माणसांत बोलले, ते तुम्हाला लागलं," मी म्हणाले.

"लागलं न्हाय... लाज वाटली. जसं काय मीच बुडवलं."

"शिक्षण थांबलं त्याचा दोष आपल्यावर आला, असं वाटलं."

त्यांचे हात थांबले. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मीही गप्प राहिले. ते गप्प राहणे फार कठीण गेले.

"दोष माझा कसा? मी पास झालते. धाकट्याची फी भरायची म्हून माझं लगीन उरकलं. आन् आता म्हणायचं नशीब! मला राग येतो वन्सं. बापाचा राग येतो. असं म्हणू न्हाय."

येथे माझ्या ओठांवर आले होते, "असं म्हणू नका वहिनी, काही झालं तरी वडील आहेत." आमच्या घरात कोणीही हेच म्हणाले असते. मी ते गिळले आणि म्हणाले, "राग येतो. आणि वडिलांचा राग आला म्हणून पुन्हा स्वतःचंच वाईट वाटतं."

त्या रडल्या. रडून झाल्यावर तोंड धुऊन आल्या आणि पुन्हा सूप पुढे ओढून बसल्या. मग म्हणाल्या, "मास्तरीण व्हायचं हे त्येंचंच होतं. मला शाळा आवडायची. पण पोरं शिकवायची असं माझ्या मनात कधीच न्हवतं. तुला काय पायजे, असं कुणी इचारलंच न्हाय."

येथे माझी चूक झाली. मी उत्साहाने विचारले, "मग आता तुम्हाला काय करायचंय? ठरवून टाकू या का?" वहिनी एकदम गप्प झाल्या आणि तांदळातले खडे मोठ्या लक्षाने शोधू लागल्या. मला वर्षापूर्वीचे 'बघू' आठवले. मी सरळ सांगून टाकले, "चुकले मी. मला पुन्हा सल्ला द्यायची घाई झाली." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमची खोडच हाय ती." आणि पुन्हा बोलू लागल्या. सच्चेपणाची पहिली अट पुस्तकात वाचून जेवढी कळली नव्हती, तेवढी मला त्या हसण्यात कळली.

सुट्टीत आम्ही अशा चार वेळा बसलो. त्यातून निष्पन्न काय झाले? वाचकांची निराशा होईल, पण सांगते. वहिनींनी कोठेही नाव घातले नाही, कोणता उद्योगही काढला नाही. माहेरी गेल्या तेव्हा त्यांनी वडिलांना बाजूला घेऊन एवढेच सांगितले, "आबा, चार माणसांत तसं म्हणत जाऊ नका. मला लागतं." आबा काही बोलले नाहीत. पुढे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. पण परवा फोनवर त्या म्हणाल्या, "आता रितं वाटत न्हाय असं न्हाय. पण कशानं वाटतं ते कळतंय."

गेल्या वर्षी मी त्यांना मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायला सांगितला होता. म्हणजे जे ओझे त्यांच्या वडिलांनी ठेवले होते, तेच मी नव्या कागदात बांधून पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवत होते. दोन चित्रांतले अंतर कमी करण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे धावून आदर्शाजवळ जाणे. दुसरा म्हणजे तो आदर्श आपला आहे की दुसऱ्याचा, हे तपासणे. सल्ला देणाऱ्याला पहिलाच मार्ग दिसतो. दुसरा दाखवणे बाहेरच्याला शक्य नसते; तो ज्याचा त्यालाच सापडतो, आणि तोही कोणी न टोकता ऐकत असेल तर.

मिसेस ओक

माझ्या या चार दुपारींना उपचार म्हणणे हास्यास्पद ठरेल. मी शिकलेली समुपदेशक नाही, शिवाय नात्यातली आहे. खरा उपचार कसा चालतो त्याचा दाखला रॉजर्स यांनीच देऊन ठेवला आहे. १९४० नंतर त्यांनी सल्लार्थीच्या परवानगीने बैठका ध्वनिमुद्रित करण्यास सुरुवात केली. तेव्हा तबकडीची एक बाजू अवघ्या तीन मिनिटांत संपत असे; तरीही त्यांनी संपूर्ण बैठका मुद्रित केल्या. बंद खोलीत काय चालते ते त्यामुळे प्रथमच अभ्यासकांना तपासता आले.

अशा अभ्यासलेल्या सल्लार्थींपैकी एक 'मिसेस ओक'. हे नाव अर्थात बदललेले आहे. चाळिशीकडे आलेली ही गृहिणी नवऱ्याशी आणि वयात येणाऱ्या मुलीशी न पटल्यामुळे बेचैन होती. मुलीच्या आजारपणाचा दोषही ती स्वतःला देत होती. तिच्या चाळीस बैठका झाल्या. तिची पत्त्यांची मांडणी उपचारापूर्वी ०.२१ होती, उपचार संपताना ०.६९ झाली आणि त्यानंतर काही काळाने पुन्हा पाहिली तेव्हा ०.७९ होती. या चाळीस बैठकांत तिला नवऱ्याशी कसे वागावे याचा उपदेश कोणी केला नाही. कडवटपणाखाली दडलेले आपले दुखणे तिने हळूहळू ओळखले. शिकागोची ती बाई आणि तोरण्याच्या पायथ्याच्या आमच्या मुलखातील बाई यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे. तरी 'असं वाटू नये' म्हणून दडपलेली भावना दोघींच्या घरात सारखीच सापडते, याचे नवल वाटते.

काही आक्षेप

ही पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे चालेल असे मात्र नाही. पहिला आक्षेप असा, की आपला माणूस मोठ्यांकडे जातो तो मार्गदर्शन घ्यायला. तेथे समोरचा नुसता ऐकत बसला तर 'यांना काही सांगायचेच नाही' असे त्याला वाटते. भारतीय मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली याच विचाराने गुरू-शिष्य नात्याचा नमुना उपचारासाठी सुचवला होता. त्यात तथ्य आहे. परंतु चांगला गुरूही शिष्याचे आधी ऐकतो, आणि सल्ला हवा असलेल्या माणसालाही आपले म्हणणे समजले गेले असे प्रथम वाटावे लागते.

दुसरा आक्षेप असा, की ऐकून घेण्यापेक्षा चुकीच्या विचारांशी सरळ वाद घालावा. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत हेच सांगते आणि कि. मो. फडके यांच्यामुळे ती मराठी वाचकांना परिचित झाली आहे. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चित्रपटात ग्लोरिया नावाच्या एकाच स्त्रीशी रॉजर्स, पर्ल्स आणि एलिस या तिघांनी आळीपाळीने संवाद केला आहे. तिघांच्या रीती किती निराळ्या आहेत ते त्यात दिसते. काहींना वादाने मार्ग सापडत असेल. पण वहिनींशी मी वाद घातला असता तर बापाच्या रागाचे ते वाक्य बाहेर आलेच नसते, असे मला वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा. असमाधानाचे मूळ नेहमी मनातच असते का? उन्हाळ्यात डोक्यावर हंडे वाहणारी बाई, गाडी वेळेवर न आल्याने परीक्षा बुडालेला मुलगा, यांचे असमाधान ऐकून कसे जाईल? तेथे पाणी आणि गाडीच हवी. ऐकणे हे न्यायाला पर्याय होऊ शकत नाही. शिवाय आमच्या घरांत एकांत मिळत नाही. आम्हाला चार दुपारी मिळाल्या हे नशीबच.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. झोप-भूक उडाली, जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलू लागले, तर मित्राने ऐकावे जरूर, पण तेवढ्यावर थांबू नये, तज्ज्ञाकडे न्यावे. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक वर्गातल्या फळ्यावर लिहून ठेवावा, असे मी सुचवीन.

समारोप

हा अभ्यास करताना मी स्वतःसाठी वीस चिठ्ठ्या लिहिल्या आणि दोन्ही मांडण्या करून पाहिल्या. 'मी निवांत बसू शकते' ही चिठ्ठी दोन मांडण्यांत दोन टोकांना गेली. एक चिठ्ठी मात्र कोठे ठेवावी ते अजून कळलेले नाही. ती अशी : 'वडिलांना अभिमान वाटेल अशी मी आहे.' आमच्या घराण्यात कॉलेजात आलेली मी पहिली. भोरला येताना एस.टी.त वडील ओळखीच्या-अनोळखीच्या कोणालाही सांगतात, "आमची पोरगी साहेब होणार." मला ते आवडते आणि त्याचे ओझेही वाटते. वहिनींचे ऐकले नसते तर हे दुसरे वाटणे मी स्वतःपाशीही कबूल केले नसते. साहेब व्हायचे चित्र वडिलांचे की माझे, हे ठरायला वेळ लागेल. कदाचित दोघांचे असेल, आणि तसे निघाले तर मला आनंदच आहे.

आपल्या कॉलेजात माझ्यासारखे पहिल्या पिढीचे विद्यार्थी बरेच आहेत. प्रत्येकाच्या दप्तरात घरच्यांचे एक चित्र आहे. आम्ही सारे एकमेकांना अभ्यासाचे, नोकरीचे, स्पर्धा परीक्षांचे सल्ले भरपूर देतो. त्यातला थोडा वेळ कोणी काही सांगू लागला तर मध्ये न बोलता ऐकण्यासाठी राखला, तर कार्ल रॉजर्स परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेबाहेरही आपल्या उपयोगी पडतील.

वहिनींना हा लेख वाचून दाखवल्यावर त्या काय म्हणाल्या ते सांगून थांबते. त्या म्हणाल्या, "बरं लिवलंय. पण त्या साहेबाला म्हणावं, गप बसणं लई अवघड असतं." रॉजर्स यांनाही हे मान्य झाले असते, असे वाटते.